डाव्या बाजूचं रिबीट

आमच्या डब्याच्या डाव्या अंगाला, काठाच्या दोन बोटं खाली, तांब्याचं एक रिबीट आहे, म्हणजे ठोकून चपटी केलेली खिळी. त्याचं काहीही काम नाही. त्याच बिनकामाच्या रिबिटावरून मी एका माणसाला भरसभेत उघडं पाडलं, आणि मला त्याचा पस्तावा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको.

डबा म्हणजे इंजेक्शनच्या सुया आणि काचेच्या सिरिंज उकळायचा पितळी डबा. भंडाऱ्यात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचे गुंड आणि बादल्या घडल्या. मग स्टील आलं आणि घरातली ठोकठोक दुपारच्या आतच संपू लागली. अशात काकाजी, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, भांडी विकायला करडीच्या बाजारात गेले. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईनं पैसे द्यायला हात पुढे केला तर बोटांची टोकं सोललेली. लाईट नाही, पातेल्यात सुया उकळायच्या, चिमट्यानं शोधायच्या, रोज भाजून घ्यायचं.

काकाजी घरी येऊन थेट पत्रा कापायला बसले. महिनाभरात त्यांनी डबा केला. शेगडीवर ठेवायचा, आत भोकांची जाळी, आणि बाजूच्या भोकातून आत गेलेली एक दांडी. बाहेरून दांडी दाबली की जाळी सुयांसकट पाण्याच्या वर येते. बस, एवढंच. पण एवढंसुद्धा त्याआधी त्या बाईसाठी कुणी केलं नव्हतं.

चूक इथंच झाली. काकाजी डावखुरे. त्यांनी दांडीचं भोक आपल्या हाताकडे, डावीकडे पाडलं. नर्सबाईनं दांडी दाबून पाहिली आणि म्हणाली, "काकाजी, डबा बेस हाय. पण मी का आता दांडी डाव्या हातानं दाबू?"

काकाजींनी उजवीकडे दुसरं भोक पाडलं आणि डावीकडचं तांब्याच्या रिबिटानं बुजवलं. आमच्या घरचा रिवाज असा की भोक पडलेलं भांडं उघडं ठेवत नाहीत, आणि बुजवलेलं भांडं विकत नाहीत. नर्सबाईला त्यांनी नवा, एकाच भोकाचा डबा करून दिला. पहिला फडताळावर ठेवला. म्हणाले, "हा दाखवाचा. विकाचा नाई."

मी तेव्हा कॉलेज सोडून पत्रकं लिहीत होते. चिखल्याच्या खाणवस्तीपर्यंत एसटी यावी, करडीला औषधं वेळेवर यावीत, असली. ट्रेडल छापखान्याची शाई नखांत घेऊन फिरायचे आणि मला वाटायचं, जग लिहिल्यानं हलतं. अशात दवाखान्याचा माल बनवणाऱ्यांसाठी भंडाऱ्यात मार्गदर्शन मेळावा ठरला. काकाजी जायला तयार नव्हते. मीच ओढून नेलं. हेही लिहून ठेवते, कारण पुढचा निम्मा राग माझा माझ्यावरच होता.

सभागृहात बँडेजचं कापड विणणारे मोहाडीकडचे विणकर होते, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले एक लेथवाले मिस्त्री होते, आम्ही होतो. प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं नावाची चिठ्ठी. मार्गदर्शक नागपूरचे सर्जिकल मालाचे बडे व्यापारी. विणकरांचं कापडही तेच उचलायचे. गोड बोलायचे. "माल लपवू नका," ते म्हणाले. "लपवलेला माल सडतो. ओळखी वाढवा. नमुना चार लोकांच्या हातात जाऊ द्या. धंदा म्हणजे दुसरं काय, विश्वास."

चहा आणि आलुबोंड्यांच्या वेळी त्यांनी काकाजींनी दाखवायला आणलेला तो पहिला, रिबिटाचा डबा पाहिला. दांडी एकदा दाबली. दुसऱ्यांदा दाबली. तिसऱ्यांदा दाबताना त्यांचा चेहरा बदलला, आणि ते फक्त मी पाहिलं. "आठ दिवसांसाठी द्या," ते म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना दाखवतो."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "द्या ना, काकाजी. याच्यासाठीच तं आलो."

आठ दिवस गेले, पावसाळा गेला. काकाजी दोनदा नागपूरला जाऊन आले. दोन्ही वेळा दुकानातल्या माणसानं बाकड्यावर बसवलं आणि साहेब नाहीत म्हणून सांगितलं. दुसऱ्या वेळी साहेबांचा आवाज आतून ऐकू येत होता. काकाजींनी ते घरी सांगितलं नाही. मला सोबत गेलेल्या मिस्त्रींकडून कळलं.

मग करडीहून नर्सबाईचा निरोप आला. शेजारच्या दवाखान्यात नवा डबा आला आहे, येऊन पाहून जा. मी गेले. चकचकीत, कारखान्यात कापलेला पत्रा, समोर व्यापाऱ्याच्या नावाची पट्टी. उजवीकडे दांडी. आणि डावीकडे, काठाच्या दोन बोटं खाली, रिबीट.

मी त्यावरून बोट फिरवलं. बावळटांनी चूकसुद्धा सोडली नव्हती. मालकानं हुबेहूब म्हटलं असेल, कारागिरानं हुबेहूब केलं. कशासाठी, हे विचारायची गरज त्या अख्ख्या कारखान्यात कुणालाही वाटली नव्हती.

त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. चोर, दरोडेखोर, रक्तपिपासू, सगळं होतं त्यात. काकाजींनी वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"नाई छापाचं."

"काहून?"

"शिव्या हायेत नुसत्या. शिव्या त्याले पचतात. तो म्हणन, बुढा जळून राह्यला."

"मग गप बसाचं का?"

"मी का म्हणलो गप बस?" काकाजी म्हणाले आणि पत्रा तापवायला लागले.

मी गप बसले नाही, पण थांबले. थांबणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते जास्त बोचलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मेळावा भरला. पुन्हा तेच मार्गदर्शक, आणि यंदा टेबलावर त्यांचा डबा, आपल्या भागातल्या संशोधनाचं उदाहरण म्हणून. मी पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला काकाजी, दुसरीकडे नर्सबाई, रजा टाकून आलेली. मागे मिस्त्री आणि विणकर. सगळ्यांना मी आधी घरोघर जाऊन भेटले होते. ओळखी वाढवा, असं शिकवलंच होतं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले.

"साहेब, डाव्या बाजूचं हे रिबीट कशासाठी आहे?"

त्यांनी डबा फिरवून रिबीट पाहिलं. मग हसले. "टेक्निकल आहे, बेटा. वाफेचा दाब सांभाळायला लागतं ते."

"म्हणजे ते काढलं तर डबा चालणार नाही?"

"धोका होईल."

"तुम्हीच बसवायला सांगितलं?"

"डिझाइन माझंच आहे." हे त्यांनी माइकमध्ये सांगितलं, आणि मला एवढंच हवं होतं.

मी नर्सबाईला उठायला सांगणार होते, तसं ठरलं होतं. पण काकाजीच उठले. धोतराच्या कनवटीतून भोक पाडायचा पंच काढला, हातोडी मिस्त्रींनी मागून दिली. टेबलाशी जाऊन त्यांनी डबा आडवा केला आणि दोन ठोक्यांत रिबीट उडवलं. ते टेबलावरून घरंगळत व्यापाऱ्याच्या बुटापाशी गेलं. काकाजींनी उजवीकडची दांडी काढली, डावीकडच्या भोकात घातली, आणि डाव्या हातानं दाबली. जाळी वर आली.

"मी डावखुरा हावो," काकाजी म्हणाले. "पहिलं भोक माया हाताचं. या बाईनं सांगतलं म्हणून दुसरं पाडलं, पहिलं बुजवलं. चुकी माई हाय. मालकाले आपली चुकी ओयखता येते, साहेब."

मागून एक विणकर म्हणाला, "काढलं न बाप्पा रिबीट. कोठी हाय धोका?" सभागृह हसलं. बराच वेळ हसलं. मी व्यापाऱ्याचा चेहरा पाहत होते, आणि मला तो पाहताना जेवल्यासारखं वाटत होतं.

व्यापारी जवळ येऊन काकाजींच्या कानाशी म्हणाले, "गैरसमज झाला. आपण भागीदारीत करू."

काकाजी म्हणाले, "मले बाकड्यावर बसवलं होतं तुम्ही. आता तुम्ही बसा जरासे."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो मोहाडीला बँडेजचं कापड न्यायला गेला. संध्याकाळपर्यंत उभा राहिला. कुणी एक गठ्ठा चढवला नाही. ड्रायव्हरला चहा दिला, जेवण दिलं, कापड दिलं नाही. रिकामा टेम्पो नागपूरला गेला, आणि विणकरांनी मिस्त्रींच्या ओळखीनं दुसरं गिऱ्हाईक पाहिलं. मेळाव्यात जे शिकवतात ते खोटं नसतं. फक्त ज्याच्याकडून शिकता, त्याच्या हातात नमुना देऊ नका.

मग मी पत्रक छापलं. शिवी एकही नाही. वर डब्याचं चित्र, खाली रिबिटाची हकीकत, शेवटी आमचा पत्ता. एसटीच्या कंडक्टरांकरवी ते दवाखान्या-दवाखान्यांत पोचलं.

व्यापाऱ्यानं घाईघाईनं रिबीट काढून टाकलं. त्याच्या नव्या डब्यांची डावी बाजू सपाट, साफ. आणि नर्सबाया डबा हातात घेऊन डावीकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "रिबीट नाई याले. हा नकली हाय."

तेव्हापासून काकाजींना प्रत्येक डब्याच्या धड पत्र्याला मुद्दाम भोक पाडावं लागतं आणि बुजवावं लागतं. ज्या घरात बुजवलेलं भांडं विकत नसत, त्या घरात. दरवेळी ते पंच टेकवून माझ्याकडे पाहतात.

"चांगल्या पत्र्याले भोक पाडाले लावते ही पोरगी. पुरे झालं ना आता?"

"नाही," मी म्हणते. "पाडा."