रेघ उडालेली अक्षरं

डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ झकास आलं, पण बाराही आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले. मी बघतच राहिलो. जणू हात दुसऱ्याच कुणाचा.

"याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे वयाच्या मानानं विसरणं जास्त, पण रोजची कामं अजून आपली आपल्याला जमतात. काहींना पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होतो. काहींचं तिथंच थांबतं.

महिनाभर आधी सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात मला घराची वाट आठवेना. रिक्षा, माणसं, साड्यांचे गठ्ठे, सगळं पाण्याखाली हलत असल्यासारखं. भीतीसुद्धा उशिरा आली. तीस वर्षं पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कलर मास्टर होतो मी. गुलाबीच्या वीस छटा नजरेनं सांगणारा.

मग एमआरआय, रक्ततपासण्या. प्रत्येक बाकावर सुमन, माझी बायको, शेजारी. "घाबरू नका, मी शे ना," ती आमच्या अहिराणीत म्हणायची.

"रोज चाला, बीपी सांभाळा, माणसांत राहा," डॉक्टरांनी सांगितलं. "आणि नवीन काहीतरी शिका. डोक्याला जड जाईल असं."

उभा जन्म सुरतेत गेला, गुजराती बोलतो, पण लिपी कधी शिकलो नव्हतो. शेजारच्या हंसाबेन निवृत्त शिक्षिका. मला शिकवायला त्यांनी पाटी आणली.

गुजराती लिपी म्हणजे आपल्याच अक्षरांच्या डोक्यावरची रेघ उडून गेलेली. दुपारी डोळा लागला की ती अक्षरं कटलेल्या पतंगांसारखी तरंगायची, गुलाबी, मोरपिशी. उठलो की कोरं. एकदा चिडून मी पाटी भिरकावली. हंसाबेननी ती उचलली, पुसली, तेच अक्षर पुन्हा काढलं. "धीमे धीमे, भाई."

वर्षानं डॉक्टर म्हणाले, "आहात तिथेच आहात. ही चांगली बातमी. श्रेय एकट्या अक्षरांचं म्हणणार नाही, पण सोडू नका."

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्यांना शिकू द्या. चुकू द्या.

परवा मी सुमनला गुजराती पुस्तकातली एक गोष्ट वाचून दाखवत होतो. ती शाळेत कधी गेलेली नाही. चौथ्या पानावर थांबलो, सुरुवातच आठवेना. तिनं मला ती सांगितली, शांतपणे, राजाच्या नावासकट.

मग पुढची पानं मी वाचली.