काकूंनी उतरवलेली किंमत

समोर काचेची उंच भिंत, डोक्यावर दिव्यांचा लखलखाट आणि मधोमध ऐटीत उभी असलेली एक राखाडी गाडी. अशा भरल्या उजेडात शिंपीकाका काकूंचा हात धरून आत आले.

मुलगी सांगून थकली होती, बाबा, आईला घरीच राहू द्या, तिला आता माझंही नाव आठवत नाही. काकांनी ऐकलं नाही. नावं विसरली तरी घासाघीस विसरायची नाही ती, असा त्यांचा हट्ट. गाडी तरी कुणासाठी होती? सरकत्या दाराची, बुटक्या पायरीची. काकूंना हल्ली उंच पायरी दिसली की धडकी भरायची.

दोघांचा डाव लग्नाइतकाच जुना. शिलाई मशीन असो की कपाट, भाव अडला की काकू ताडकन उठायच्या, "अहो चला, यांना विकायचंच नाहीये," म्हणत दार गाठायच्या. काका पडेल चेहऱ्यानं तिथंच बसून राहायचे. दुकानदार विरघळायचा. मग घर येईपर्यंत दोघांना हसू आवरायचं नाही.

विक्रेत्यानं आकडा सांगितला. काकांनी त्याहून बराच खालचा आपला आकडा पुढं केला. म्हणाले, साहेब, कात्री आमच्या धंद्यातली, ती आमच्याच खिशाला कशाला लावता? तो हसला, पण खाली येईना. काकू आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. काका वाट बघत राहिले.

आणि काकू उठल्या. एक शब्द न बोलता सरळ दाराकडे चालू लागल्या.

काकांचं काळीज सुपाएवढं झालं. तरी त्यांनी चेहरा पाडला तो पाडलाच. बघा, रागावली, आता माझं काही चालायचं नाही, असं ते हताशपणे म्हणाले. विक्रेता आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला आणि मुकाट्यानं काकांच्या आकड्यावर उतरला.

काका जवळजवळ धावतच दाराशी गेले. "जिंकलीस गं," ते कुजबुजले.

काकू दोन पावलं मागं सरल्या. पिशवी पोटाशी धरून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या, "दादा, आमचे हे दिसले का हो कुठं? मघापासून शोधतेय. मला एकटीला टाकून जायचे नाहीत ते कधी."

काकांनी डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर ती घाबरली असती.

"येतील हो, ताई. ते येईपर्यंत मी थांबतो तुमच्याजवळ."