अंगठ्याचं शास्त्र आणि लाल पाइप

दहा वर्षांपूर्वी मी साठीची होते, म्हणजे अगदीच पोरकट. पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्या पोरीला वाटायचं. माहेर शेवगावकडचं, कोरड्या शिवारातलं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी पार लांबच्या रोपापर्यंत जातं, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं. तेवढ्यावर तिने सावेडीतली एक इमारत अडवून ठेवली.

इमारत माझ्या नणंदेची. खालच्या तीन मजल्यांवर तिचं मुलींचं वसतिगृह, चौथा नव्याने चढवलेला. जूनमध्ये तिथे बारा मुली यायच्या होत्या, सगळ्या खेड्यांतल्या, वन्संच्या शब्दावर आईबापांनी दुसरीकडे कुठे जागाही न बघितलेल्या. पण आगीचा दाखला मिळाल्याशिवाय चौथ्या मजल्याचं कुलूप उघडायचं नाही, असं अग्निशमन दलाच्या साहेबांनी बजावलेलं. वन्सं स्वयंपाकघरात अडकलेल्या, म्हणून कामावर देखरेखीला मी.

जिन्यातून वरपर्यंत एक लाल पाइप न्यायचा होता. आग लागली तर खालचा पंप त्यातून पाणी वर ढकलणार.

"बाई, चार इंचीच घालू," प्लंबर म्हणाला. "वर जोर टिकाया पायजे."

"जोर पाहिजे म्हणूनच बारीक घाल. अंगठा दाबून बघितलायस कधी?"

"व्हय, पन…"

"पणबिण काही नाही."

त्याने डोकं खाजवलं आणि निम्म्या जाडीचा पाइप चढवला.

तपासणीला साहेब चौथ्या मजल्यावर आले. पाइपाच्या तोंडाला नळी आणि पाण्याचा जोर मोजणारं घड्याळासारखं यंत्र लावलं, खाली पंप सुरू करायला सांगितला. काटा सरसर चढला आणि हव्या त्या खुणेवर जाऊन उभा राहिला. मी लगेच पेढ्यांचा पुडा सोडला आणि साहेबांच्या हातावर पेढा ठेवला.

"आजी, थांबा. अजून पाणी सोडलंच नाही."

'आजी' ऐकून मी फणकारले. तेवढ्यात त्यांनी झडप उघडली. काटा बदकन खाली बसला आणि नळीतून पाणी आलं ते रडतकढत, आमच्या नळाचं जायच्या वेळेला येतं तसं.

"अहो, आत्ता तर उभा होता काटा!"

"तेव्हा पाणी थांबलेलं होतं. वाहायला लागल्यावर ते बारीक पाइपात घासून घासून दमतं."

थांबलेल्याला जोर आणि पळणाऱ्याला नाही? माझ्या डोक्यात काही शिरेना. मी त्यांना अंगठा दाबून दाखवला. साहेबांनी आधी पेढा संपवला.

"अंगठा टोकाला लावायचा असतो, आजी. तुम्ही तो तळापासून लावलाय."

दारात वन्सं, हात कणकेने भरलेले. "बारीक पाइप घालायला कोणी सांगितलं?"

प्लंबर माझ्याकडे बघेनासुद्धा, इतका सज्जन. मीच म्हटलं, "मी."

"मुलींना काय सांगू आता, वहिनी?"

पाइप काढून नवा घालेपर्यंत जुलै उजाडला. तीन मुली दुसरीकडे गेल्या. उरलेल्या नऊ जणी माझ्या घरी राहिल्या, हॉलभर गाद्या टाकून. आमचे हे महिनाभर गॅलरीत झोपले आणि रोज सकाळी मला अंगठा दाखवत राहिले.

दुसऱ्या खेपेला झडप उघडल्यावर काटा थोडा दचकला, पण टिकला. साहेबांनी सही केली. मला अजून खात्री नव्हती. मी पुडा पदराखाली धरून उभी.

"सोडू का आता?"

"आधी पोरींना ट्रंका वर नेऊ द्या," वन्सं म्हणाल्या. त्यांनी कुलूप काढलं आणि नऊ जणी माझ्या अंगावरून धडधडत वर गेल्या.

त्या थांबलेल्या पाण्याचं कोडं इंजिनिअर नातीने मला दोनदा समजावलंय. दोन्ही वेळा मी मान डोलावली. खरं सांगते, अजून कळलेलं नाही. त्या दिवशी वन्संनी पुड्यातला पहिला पेढा प्लंबरला दिला, ते मात्र बरोबर कळलं.