मोहाखाली भरलेला वर्ग

मराठी शिकवता शिकवता मला जंगलाचं खूळ लागलं, ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्याला कॉलेजात दर शनिवारी शेवटच्या तासाला मी 'माणूस आणि निसर्ग' असा एक जादा वर्ग घ्यायचे. परीक्षा नाही, मार्क नाहीत, तरी पंधरा-सोळा पोरं यायची. स्टाफरूममध्ये मला 'झाडबाई' म्हणत. म्हणेनात का! ओव्या, नदीच्या गोष्टी, शेतांची नावं असं मनाला येईल ते मी शिकवायचे, आणि दर तासाला एक वाक्य हमखास ठोकून द्यायचे: जंगल कुणा एकाचं नसतं, सगळ्यांचं असतं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मला फार बरं वाटायचं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. तिथून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही, पण मार्चमध्ये स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली, "मॅडम, सगळ्यांना घेऊन आमच्याकडे या ना. मोहाची फुलं पडायला लागलीत." तिनं तोवर मैत्रिणीलासुद्धा घरी नेलं नव्हतं. पोरं आपल्या घराला हसतील, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी वर्गाला दम भरला, "तिथं कुणी नाक मुरडलं तर माझ्याशी गाठ आहे!"

नाक कुणी मुरडलं नाही. संध्याकाळी पोचलो, तिच्या आईच्या हातची भाकरी आणि उडदाची डाळ पोरांनी मागून मागून खाल्ली. घोटाळा झाला तो सकाळी. मायलेकी चहाच्या नादात होत्या, तेवढ्यात माझी गुणी बाळं तिच्या आईचे कष्ट वाचवायला परस्पर जंगलात गेली. कपाशी वेचलेले हात ते, त्यांना कितीसा वेळ लागणार! चार टोपल्या भरून आणल्या. "बठ्ठा फुलं येची लिन्हात, मॅडम!" सगळी फुलं वेचून आणली म्हणे! मीही खुळ्यासारखी शाबासकी दिली.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "कुठल्या झाडांखालची?" तिनं विचारलं. पोरांनी हात केला. "यातलं एकच आमचं आहे. बाकीची तीन पलीकडच्या आजीची." झाडं जंगलात असली तरी प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घराचा. खालची जागा तेच घर झाडणार, फुलंही तेच वेचणार. दुसऱ्यानं हात लावला की चोरी.

"पण मॅडम, तुम्हीच म्हणता ना, जंगल सगळ्यांचं..." एक पोरगा चाचरत बोलला. माझा असा संताप झाला! पण काढणार कुणावर? तिची आई नुसती टोपल्यांकडे बघत होती. मुलगी हुंदके देत म्हणाली, "आईला आता गावात चोर म्हणतील. मला कोण पाठवतंय परत कॉलेजात?"

मग आम्ही सगळे, टोपल्या डोक्यावर घेऊन, त्या आजीच्या अंगणात. मी हात जोडले. "चूक पोरांची नाही, माझी आहे. मीच त्यांना अर्धवट शिकवलं." मुलगी रडत रडत ते तिच्या बोलीत सांगत होती. आजी एकटी राहायची, आणि त्या तीन झाडांवर तिचं बरंच भागायचं. तिनं टोपल्यांत हात घालून पाहिलं, पोरांना फैलावर घेतलं आणि फुलं अंगणात पसरायला लावली. एका टोपलीतली तिनं बाजूला काढून मुलीच्या आईपुढे सरकवली. मग मुलीला काहीतरी विचारलं. उत्तर ऐकून म्हातारी पोट धरधरून हसायला लागली आणि मुलीच्या आईकडे वळून बरंच काही बोलली. आईच्या तोंडावर त्या सकाळी पहिल्यांदा हसू आलं.

"काय म्हणाल्या गं?"

मुलगी सांगेना. पदराआड हसत नुसती जमिनीकडे बघायला लागली. मी खडसावलं तेव्हा कुठे बोलली.

"आजीनं विचारलं, ही बाई काय शिकवते. मी म्हटलं, जंगल. तर आईला सांगतेय, पोरीला कॉलेजात पाठवत राहा. या बाईला कुणीतरी शिकवायला पाहिजे."