मांजराच्या घमेल्यातली राख

लग्न होऊन मी श्रीरामपूरला आले ते दुष्काळाचं साल होतं. माहेर खर्ड्याकडचं. सासरी माणसं तीनच: हे, मी आणि सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. शिवाय एक पांढरी मांजरी. आधीचं मांजर गल्लीतल्या कुत्र्यांनी फाडलं होतं, म्हणून आत्याबाई हिला माडीवरून खाली उतरू देत नसत. दार कायम लावलेलं. त्यामुळं तिचं सगळं घरातच, पत्र्याच्या घमेल्यात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घमेलं माझ्याकडं आलं.

"आतापत्तुर मी केलं. आता तू हायेस," आत्याबाई म्हणाल्या.

त्यात काय घालायचं ते त्यांनी सांगितलं नाही. चुकलं की मात्र सांगायच्या.

मी आधी माती घातली. काळी माती ओली झाली की मांजरीच्या पायांना चिकटायची आणि फरशीभर पावलं उठायची. मी फडकं आणायला निघाले तर म्हणाल्या, "फडकं कशाला? पदर हाय की." नव्या लुगड्याच्या पदरानं मी फरशी पुसली.

मग वाळू आणली. वाळू चाळता येते, घाण वर राहते, ते बरं होतं. पण वाळू काही शोषत नाही. सगळं तळाशी साचतं आणि दुपारी पत्रा तापला की डोळ्यांतून पाणी येतं. धुवावी म्हटलं तर प्यायचंच पाणी टँकरचं. एके दिवशी आत्याबाईंनी माझी मान धरून घमेल्यावर वाकवली. "हुंग. आमी रोज हुंगतो, तूबी हुंग." हे समोरच चहा पीत होते. त्यांनी कपबशी उचलली आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांनी एकदा उसाचा वाळलेला चोथा पोत्यात भरून आणला. शोषायचा छान, पण दुसऱ्याच दिवशी मुंग्यांची रांग लागली आणि त्या मांजरीच्या पोटाला डसल्या. त्याचाही मार मीच खाल्ला.

शेवटी चुलीतली राख घातली आणि वास मेला. रात्रीची राख सकाळपर्यंत निवायची, ती चाळून निखारे काढायचे आणि घमेल्यात पसरायची. मांजरीलाही ती आवडली. दोन महिने मला कुणी हात लावला नाही.

मग माहेराहून भावाचं कार्ड आलं. वडील अंथरुणाला खिळले होते, सारखं माझं नाव घेत होते. मी कार्ड वाचून दाखवलं.

"जाऊन येऊ का, आत्याबाई? चार दिवसांत परत येते."

"तुझ्या बापाला बघायला तुझं भाऊ हायेत," त्या म्हणाल्या. "मांजराला कोन हाय?"

यांच्याकडं पाहिलं. ते चपला घालून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीतली धगधगती राख घमेल्यात ओतली आणि वर थंड राखेचा पातळ थर दिला. मांजरीवर माझा राग नव्हता. आत्याबाईंना दुखेल अशी एकच जागा मला सापडली होती, तिथं मला मारायचं होतं. मांजरी नेहमीसारखी आली आणि पुढचे दोन्ही पाय टाकले. तशी किंकाळी मी नंतर कधी ऐकली नाही. ती पलंगाखाली शिरली आणि पाय चाटत राहिली. तिच्या तोंडालाही राख लागली होती.

आत्याबाई आल्या. त्यांनी घमेल्यावर तळवा धरून पाहिला. ओरडल्या नाहीत.

"हात घाल."

मी उजवा हात पुढं केला.

"उजवा न्हाई. भाकरी थापायच्यात. डावा घाल."

मी घातला. त्यांनी मनगट धरून ठेवलं आणि मांजरी कण्हायची थांबेपर्यंत सोडलं नाही. मग स्वतःच वाटीत खोबरेल तेल आणलं, ते मांजरीच्या पायांना लावलं आणि वाटी परत ठेवून दिली.

चौथ्या दिवशी तार आली. वडील गेले होते. आता मात्र मला पाठवलं. हाताला काय झालं म्हणून आईनं विचारलं. भाकरी भाजताना भाजलं, असं मी सांगितलं. तेरावा करून परतले.

मांजरी राखेच्या जवळ जाईना. आत्याबाईंच्या गादीवरच करू लागली. म्हणून मी वखारीतून लाकडाचा भुसा आणला. इतकं चांगलं मी आधी काहीच आणलं नव्हतं. ओल धरतो, वास दाबतो, सुपलीनं घाण तेवढी काढली की झालं. फक्त मांजर उकरायला लागलं की बारीक धूळ उडते. थोडं पाणी शिंपडलं की ती बसते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी शिंपडलं नाही.

घमेलं आत्याबाईंच्या पलंगाशी असायचं. मांजर पळेल म्हणून दार-खिडकी बंद. थंडी सुरू होईपर्यंत त्यांना खोकला लागला. खोकता खोकता उठून बसायच्या, डोळे पांढरे व्हायचे. यांनी डॉक्टरांकडून बाटली आणली, तिनं काही झालं नाही. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज पार बसला होता.

"ह्याच्यावर पानी शिंपडलं तर बसंल का गं ही धूळ?"

"पाणी कुठंय, आत्याबाई?" मी म्हणाले.

हंडा काठोकाठ भरलेला होता आणि पलंगावरून त्यांना तो दिसत होता.  पदर तोंडाला लावून त्यांनी कूस बदलली. मी नवा कोरडा भुसा घमेल्यात ओतला, जरा उंचावरूनच.