भरल्या गाडीचं माप

आज दसरा. नैवेद्य झाला, घरातली सगळी लवंडली आहेत, आणि मी वही घेऊन बसले आहे. आज उज्वलाबद्दल लिहायचं आहे.

उज्वला मखमलाबादची. घरचा झेंडू, शेवंती घेऊन रोज सकाळी आमच्या कोपऱ्यावर येते. माझ्या देवाची फुलं तिच्याकडचीच. आधी तिचा नवरा दिनेश यायचा, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी जाळ्या बांधून. तो मागच्या वर्षी काविळीनं गेला. मग गाडी तिनं हातात घेतली. पण ती बुटकी, बसली की पाय जमिनीला टेकेनात. गाडी थांबवायची म्हटलं की जीव मुठीत. म्हणून गणपतीनंतर तिनं मागचे शॉकअप आखूड बसवून घेतले, पुढचंही अंग खाली घेतलं. पाय टेकले. "काकू, आता रस्ता माझा वाटतो," असं म्हणाली होती.

गाडी खाली आली, पण स्टँड होतं तेवढंच राहिलं. साइड स्टँडवर गाडी कलायची सोडून ताठ उभी राहू लागली, आणि मोठं स्टँड भरल्या गाडीला तिच्यानं लागेना. मेकॅनिकनं साइड स्टँडचा तुकडा कापून दिला, पण माप घेतलं रिकाम्या गाडीचं. ओझं चढलं की गाडी आणखी दबते आणि स्टँड पुन्हा लांब पडतं, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही आणि हिच्याही. परवा, अष्टमीला, भरली गाडी उजवीकडे कोसळली. उज्वला त्याच बाजूला दोरी सोडत होती. घोटा सुजला, शेवंती गटारीत गेली.

तिचा दीर मनोज धावत आला. "वहिनी, दादा गेला, आता तुम्हाला नाय घालवायचं मला. दसऱ्याला परत पडली तर गाडी विकणार. माल मी टेम्पोत नेईन."

त्याचं बोलणं मायेचंच होतं. पण टेम्पो आला की बाजार मनोजचा होणार, आणि उज्वला वावरात फुलं तोडत बसणार. हे दोघांनाही कळत होतं.

काल ती लंगडत कोपऱ्याजवळच्या धोंडीराममामांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. मी तिथंच होते, प्रसाद घ्यायला. खंडेनवमीची पूजा नुकतीच झालेली. ग्राइंडर, हातोडे, पाने सगळे पुसून पाटावर मांडलेले, त्यांना हळदकुंकू लागलेलं.

"मामा, बोटभर कापायचंय फक्त."

"पोरी, पूजेतलं हत्यार उचलता येत नाय. उद्या उत्तरपूजा झाली की पहिलं काम तुझं."

"उद्या पहाटेच माल निघतो, मामा."

शेजारच्या दुकानातून कटर आणता आला असता, पण काल सगळ्या गल्लीतली हत्यारं पाटावर होती. मला वाटलं, ही आता गयावया करील. तिनं पाटाला हात जोडले आणि म्हणाली, "राहू द्या. देवाला उठवून नाय मागायचं मला."

आज उजाडता उजाडता ती कोपऱ्यावर आली. गाडी बंद केली, दोन्ही पाय जमिनीवर रोवले, आणि उतरलीच नाही. गाडीवर बसल्या बसल्या झेंडू विकायला लागली. जाळीत हात घालायचा, तराजू धरायचा, पिशवीत ओतायचं. गिऱ्हाइकांची झुंबड.

"ओ ताई, उतरा की! गाडी काय पळून चाललीय?"

"पळती नाय हो, झोपती."

लोक हसले. ती हसली नाही. मी चहा नेला, तो घेतला. पाणी दिलं तर मान हलवली. "नको काकू, उतरावं लागंल." सुजलेल्या पायावर भार येत होता, ओठ दाबलेले दिसत होते. समोर रस्त्यापलीकडे मनोज टेम्पोला टेकून उभा. त्यानं हाक मारली नाही, आणि गेलाही नाही.

माल संपत आला तशी तिनं दोन बाजूंच्या शेवटच्या दोन भरल्या जाळ्या झाकून टाकल्या. एक बाई हटूनच बसली, "आहे ना अजून? दे की!"

"ह्या विकायच्या नाहीत मावशी. मापाच्या आहेत."

तोरणाची फुलं न्यायला आलेले धोंडीराममामा मागं उभे राहून ऐकत होते. फुलं न घेताच ते परत फिरले. उत्तरपूजा उरकली, पाट हलवला, आणि दुकानाच्या दारातूनच ओरडले, "आण गं गाडी! अशीच, भरलेली."

उज्वलानं गाडी धरली. मामांनी दोन्ही जाळ्या दाबून पाहिल्या, गाडी हवी तेवढी कलती केली, स्टँडवर खडूनं खूण केली. मग जाळ्या उतरवून, स्टँड काढून कापलं. दसऱ्याची पहिली ठिणगी उडाली तेव्हा मी नकळत हात जोडले. खालची पट्टी जोडली, लोखंड निवलं, पुन्हा सगळं चढवलं.

मनोज जवळ आला होता. त्यानं मागचं कॅरिअर घट्ट पकडलेलं.

"भाऊजी, हात काढा."

"वहिनी, एवढा माल..."

"काढा म्हणते ना."

त्यानं हात काढला. तिनंही काढला. गाडी डावीकडे कलली, स्टँडवर बसली आणि थांबली. मनोजनं जाळीला धक्का देऊन पाहिला. मग थोडा जोरात. गाडी जागची हलली नाही.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "उद्यापासून टेम्पोला मालेगावचं भाडं घेतो मग."

उज्वलानं गाडीची किल्ली कमरेला खोचली आणि दुखरा पाय लांब करून मामांच्या पायरीवर बसली.