पैलवान गेला

आमचं कल्याणातलं घर तालमीच्या अगदी समोर. दार उघडलं की तालमीचा ओटा दिसायचा आणि ओट्यावर बसलेली रिकामटेकडी मंडळी दिसायची. त्यातल्या एकानेही कधी अंगाला माती लावून घेतलेली मी पाहिली नाही, पण कुस्तीतलं सगळं त्यांनाच कळायचं. आमचे हे त्या तालमीचे पैलवान. जत्रेत कुस्ती मारली की हीच मंडळी यांना खांद्यावर बसवून आणायची आणि दारातून मला हाक मारायची, "वहिनी, बाहेर या, ओवाळा आमच्या वाघाला." आमच्या म्हणे. हो, त्यांचाच होता तो. मी आपली भाकऱ्या थापायला.

यांचा खांदा निखळला त्या वर्षी पंचांनी यांचा खुराक बंद केला. पंच म्हणजे गावातले चार शेटजी, तालीम त्यांच्याच जिवावर चालायची. दूध, तूप, बदाम, सगळं देऊ असा शब्द त्यांनी चारचौघांत दिलेला. आता म्हणाले, खांदा बरा होऊ दे, एखादी कुस्ती मार, मग बघू. खुराकाशिवाय खांदा बरा कसा व्हायचा, ते काही त्यांनी सांगितलं नाही. हे पुन्हा पुन्हा विचारून आले आणि तसेच परत आले. अशात ठाण्याच्या तालमीचं बोलावणं आलं. खुराक देऊ, वर साहेबाच्या कचेरीत शिपायाची नोकरी लावून देऊ.

तालमीत एक रीत होती. कोणी दुसऱ्या तालमीत निघाला की वस्तादांनी त्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ घेऊन निघाला तो 'धाडला'. नारळाविना निघाला तो 'गेला'. यांनी वस्तादांचे पाय धरले. वस्ताद यांच्या वडलांच्या वयाचे, यांच्यावर त्यांचा जीव, पण पंचांपुढे त्यांचं काही चालेना. नुसते कुस्तीच्या हौद्यातल्या मातीकडे बघत बसून राहिले. हे रिकाम्या हातांनी आगगाडीत बसले.

झालं. त्या दिवसापासून ओट्यावर दुसरा विषय नाही. दूधवाल्यानं विचारलं, तेल्यानं विचारलं, वाटसरूनं विचारलं, सगळ्यांना एकच उत्तर, "पैलवान गेला." मी तळ्यावर धुणं घेऊन गेले तर बाया माझ्या तोंडावर म्हणाल्या, गावानं एवढं खाऊ घातलं आणि नमकहराम निघाला हो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, काय खाऊ घातलं ते तरी सांगा, मी घरातच असते, मला कसं दिसलं नाही? खुराक बंद झाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. पण शेटजींना बोलायची छाती कुणाची? त्यापेक्षा यांना शिव्या घालणं सोपं.

रविवारी दुपारच्या गाडीनं हे मला न्यायला येणार होते. ते कुठून तरी फुटलं. सकाळपासून ओट्यावर मंडळी जमली, आणि आज त्यांच्या हातांत लाठ्या. मला ऐकू जावं अशाच आवाजात बोलत होते. "ठाण्याकडून लढायचंय ना त्याला? गुडघे फोडून धाडू, मग लढ म्हणावं." पैलवानाचे गुडघे गेले की त्याचं राहिलं काय? तालीम नाही, नोकरी नाही. गाडी यायच्या आत स्टेशन गाठायचं आणि यांना तिथूनच परत फिरवायचं असं ठरवून मी बोचकं बांधलं. उंबरा ओलांडला तर दोघे आडवे आले.

"वहिनी, तुम्ही घरात बसा."

परवापर्यंत मला ओवाळायला बाहेर बोलावणारे हेच ते दोघे. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ते हलले नाहीत, आणि तिकडे गाडीची वेळ झाली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं. पाहते तर माझ्या सासूबाई. त्या मोहन्याला शेतावर राहायच्या. केस सुटलेले, पदर लोळतोय, छाती बडवत येत होत्या. झालं होतं असं, की त्यांच्या शेजारची बाई भाजी घेऊन कल्याणच्या बाजारात आलेली, तिच्या कानावर पडलं, पैलवान गेला. तिला बिचारीला तालमीची भाषा काय ठाऊक? तिनं जे ऐकलं ते जाऊन सांगितलं, आणि म्हातारी होती तशी निघाली.

ओट्यासमोर येऊन त्या थांबल्या. "कुटं ठेवलाय माज्या पोराला?"

लाठ्यावाले उठून उभे राहिले. मग सासूबाईंची नजर माझ्याकडे वळली. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, काखेत बोचकं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं तर मला कसंतरी होतं.

"आत्याबाई, ते आहेत," मी म्हटलं. "ठाण्याला आहेत, धडधाकट आहेत. आत्ता येतील."

त्या मटकन धुळीत बसल्या. आणि नेमके तेव्हाच हे गल्लीत शिरले. आईला पाहून यांची पावलं झपझप पडू लागली, लाठ्यांकडे लक्षच नाही. लाठ्या हातात तशाच होत्या. आता पडते की मग पडते, असा माझा जीव टांगणीला लागलेला.

सासूबाई उठल्या. यांच्या तोंडावरून हात फिरवला, दुखरा खांदा चाचपून पाहिला, आणि फाडकन एक मुस्कटात ठेवून दिली. "आयेला सांगून जायाला काय झालता?"

एवढा मोठा पैलवान, मान खाली घालून उभा राहिला.

ओट्यावरचा एकजण चाचरत म्हणाला, "म्हातारे, आम्ही तसं नव्हतो म्हणालो. तालीम सोडून गेला, असं आमचं म्हणणं."

सासूबाईंनी त्याच्या हातातली लाठी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. "गेला तं माजा गेला असता. तुमचा काय गेला?"

सासूबाईंनी यांचं मनगट धरलं आणि स्टेशनाची वाट धरली, मी बोचकं घेऊन मागे. आडवे आलेले दोघे आपणहून बाजूला झाले. ठाणं आलं तरी यांच्या गालावर आईच्या बोटांचे वळ होते.